ओढ्याचं कार्ड

सातारच्या स्टँडवर ट्रंक पडली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. एसटीच्या टपावरून हमाल ती खाली घेत होता. दोरी सुटली, ट्रंक एका कोपऱ्यावर आपटली आणि झाकण उघडून आतली कार्डं फलाटभर पसरली. चंदनबाला मगदूम हातातली पिशवी टाकून तशीच त्यांच्यावर ओणवी झाली. चार कार्डं वाऱ्यानं फलटणच्या गाडीखाली गेली. तीही तिनं रांगत जाऊन काढली. साडीला ऑइल लागलं ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

ही १९७८ सालातली, दिवाळी होऊन आठवडा झाला होता तेव्हाची गोष्ट. त्या काळी कॉम्प्युटरला काही सांगायचं तर जाड कागदाच्या कार्डावर भोकं पाडून सांगावं लागे. एका कार्डावर एक ओळ. पाचशे ओळींचा प्रोग्राम म्हणजे पाचशे कार्डं, आणि ती एकामागं एक ठरल्या क्रमानंच लागलेली हवीत. दोन कार्डांची अदलाबदल झाली तरी मशीन काहीतरी भलतंच करून बसायचं, आणि वर ते भलतं अगदी सुबक छापून द्यायचं.

कुपवाडच्या वसाहतीत, लेथचं वर्कशॉप आणि बिस्किटांचा कारखाना यांच्या मधल्या गाळ्यात नानासो आडमुठे यांचं गणक केंद्र होतं. नावात गणक असलं तरी तिथं कॉम्प्युटर नव्हता. तीन पंच मशीनं होती, दोन पंखे होते आणि माणसं पाच होती. कार्डं कुपवाडला पाडायची, ट्रंकेत भरायची, एसटीनं पुण्याला न्यायची, तिथल्या एका मोठ्या कारखान्याच्या मशीनवर तासभर वेळ मिळवायचा आणि छापलेले कागद घेऊन परत यायचं. "आपला कॉम्प्युटर डिझेलवर चालतोय," असं कृष्णात म्हणायचा.

कृष्णात केदारी म्हसवडचा. सैन्यात सिग्नलला होता, तिथं मशीनचं शिक्षण घेऊन आला आणि केंद्रातला एकुलता एक प्रोग्रामर झाला. तो कागदावर ओळी लिहायचा आणि त्या बघून चंदनबाला कार्डं पाडायची. तीन वर्षं तिनं त्याचं अक्षर लावलं होतं. कागदावर काय लिहिलंय ते तिला हळूहळू समजायलाही लागलं होतं, पण तिला ते कुणी विचारलं नव्हतं.

आता कृष्णातला हैदराबादला नोकरी लागली होती. चंदनबालानं धीर करून नानासोंकडं त्याची जागा मागितली. नानासोंनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "तोडीची यादी पुण्याहून एकटीनं काढून आणा. आणलीत तर कृष्णातची खुर्ची तुमची. नाही जमलं तर आपलं पंचिंग बरं."

ही यादी एका साखर कारखान्याची होती. कुणाचा ऊस कधी तोडायचा, ती पाळी ठरवणारी. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, हा मूळ नियम. पाळी चुकली तर ऊस उभाच राहतो, त्याला तुरा येतो आणि आतून तो भेंडासारखा पोकळ पडतो. पुण्याचं मशीन उद्या सकाळी आठ ते नऊ मिळालं होतं. ते हुकलं तर पुढची वेळ बारा दिवसांनी, आणि कारखाना सुरू व्हायला सहाच दिवस उरले होते.

कृष्णातला खरं तर सांगलीहून विट्यावरून सरळ घरी जायचं होतं. दोन दिवस आईजवळ राहून सोलापूरहून हैदराबादची गाडी धरायची. पण सातारला गाडी बदलावी लागते, तिथं ट्रंक पुण्याच्या गाडीत चढवून देतो म्हणून तो वाकडी वाट करून सातारपर्यंत आला होता. ट्रंकेची दोरी त्यानंच बांधली होती.

"शेतकऱ्यांची कार्डं गठ्ठ्यात हायती, त्येंला काय झालं न्हाई," तो फलाटावर उकिडवा बसून म्हणाला. "प्रोग्रामचीच तेवढी इस्कटली."

"तेवढीच म्हणजे?" चंदनबाला म्हणाली. "पाचशे साठ आहेत. आणि एकावरही क्रमांक नाही."

कार्डाची पहिली सहा घरं क्रमांकासाठी राखलेली असत. ती भरली की विस्कटलेली कार्डं कुणालाही लावता येत. कृष्णातनं ती कधीच भरली नव्हती.

"दरसाली मधी चार कार्डं घुसवायची म्हटलं की क्रमांक मोडतोय," तो म्हणाला. "गोठ्यात म्हशींना क्रमांक असतोय का? ज्येची त्येला जागा ठावं असती."

"म्हशी आपल्या पायानं जागेवर जातात. ही जाणार आहेत का?"

त्यानं ट्रंक उचलली आणि दोघं स्टँडच्या कँटीनमध्ये शिरली. कोपऱ्यातलं मोठं टेबल पुसून घेऊन त्यांनी त्यावर कार्डं मांडायला सुरुवात केली, तसा कँटीनवाला बाळासो लगबगीनं आला.

"पत्ते चालणार न्हाईत हितं. बाई मानूस बरूबर हाय म्हणून नीट सांगतोय."

"पत्ते न्हवं हो, कारखान्याची कार्डं हायती," कृष्णात म्हणाला. "दोन चहा आणा, आन दर अर्ध्या तासानं आणत ऱ्हावा. मग तर झालं?"

बाळासोनं एक कार्ड उचलून उजेडाला धरलं, भोकांतून पाहिलं आणि चहा आणायला गेला.

थोडा आधार होता. दर हंगामाला कृष्णात गठ्ठ्याच्या कडेवर रंगीत पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढायचा. गठ्ठा बरोबर लागला की रेघ सलग दिसते. पण तीन हंगामांच्या तीन रंगांच्या रेघा आणि मध्येच घुसवलेली बिनरेघेची कार्डं, त्यामुळं ती कड एखाद्या फाटक्या गोधडीसारखी दिसत होती. लाल रेघेवरून त्यांनी पहिली शंभर लावली. मग एकेक कार्ड वाचत पुढं जायचं ठरलं. तो सांगेल, ती लावेल आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक घालेल.

"हे काय? इथून उडी मारून तीनशेच्या पुढं जायचं, आणि तिथून परत इथंच?" तिनं विचारलं.

"व्हय. मधी एक नियम घालायचा राहिला हुता."

"तुमचा प्रोग्राम म्हणजे सांगलीहून मिरजेला कऱ्हाडावरून जाणं आहे."

"पोचतोय का न्हाई?"

"पोचतोय. माणूस दमतो."

तो हसला. "आवं, सुरवातीला चांगला हुता. सरळ. मग कारखान्याचं लोक आलं. म्हणालं, मार्गशीर्षात सिद्धनाथाची जत्रा असती, माणदेशातल्या ऊसतोडीच्या टोळ्या आठवडाभर कोयता धरत न्हाईत. झालं, सात कार्डं जत्रंची. मग म्हणालं, खोडव्याला, म्हंजी तोडल्या बुडख्यावर फुटल्या उसाला, दुसरा हिशेब. झालं, चौदा कार्डं. एकेक पाव्हणा आला आन ज्येला जागा गावंल तिथं निजला."

"आणि हे रंगू काय आहे? जागोजाग येतंय."

"रंगू आमची आत्ती. चार घरं हिंडून परत पयल्या घरी येती. म्हणून फेऱ्या मोजणाऱ्या खान्याला तिचं नाव."

चंदनबालानं तीन वर्षांत रंगू हा शब्द शेकडो वेळा पंच केला होता. तिला वाटायचं, ही सैन्यातली काहीतरी इंग्रजी संज्ञा असेल. तिनं तसं सांगितल्यावर कृष्णातला इतकं हसू आलं की शेजारच्या टेबलावरचा कंडक्टर वळून बघायला लागला.

म्हसवडची पाचची गाडी कँटीनसमोरून निघून गेली. कृष्णातनं ती बघितली आणि हातातलं कार्ड पुढं केलं. "ह्ये दोनशे सत्तर."

"तुमची गाडी गेली."

"सात वाजता दहिवडीची हाय. तिथनं कुणी बी सोडंल."

"आई वाट बघत असतील."

"आठ वरीस सैन्यात हुतो, तवापास्नं वाट बघायची तिला सवय हाय," तो म्हणाला, पण पुढची चार-पाच कार्डं त्यानं दोनदोनदा वाचली.

मग तिनंच विचारलं, "नवीन ठिकाणी कसं आहे काम?"

"पन्नास माणसं हायती. एकच प्रोग्राम धा जणांनी लिवायचा. आन आपला तुकडा दुसऱ्यानं वाचायचा, असा नियमच हाय तिथं." त्यानं चहाचा कप बशीत ठेवला. "तुमाला म्हणून सांगतो मगदूमबाई, मला लय भ्या वाटतंय. हितं माझं कुणी वाचत न्हवतं. तिथं पयल्याच दिवशी हसतील."

"मी तीन वर्षं वाचलंय. हसले नाही."

"तुमी वाचत हुता?"

"पंच करताना डोळे मिटून करतात असं वाटलं होय तुम्हाला?"

त्यानं तिच्याकडं जरा नव्यानं पाहिलं. तीही मग मोकळेपणानं म्हणाली, "मला तुमच्या उलट भीती आहे. दुसऱ्याचं लिहिलेलं चालवायचं. उद्या अडलं तर विचारायचं कुणाला?"

"अडलं तर मला शिव्या घालायच्या. हैदराबादपातूर ऐकू येतील."

"एवढं चांगलं चाललं असताना जाताय कशाला पण?"

"गेल्या साली लालासाहेबांनी सगळ्यांम्होरं बोल लावला, तवाच ठरवलं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तो दिवस चंदनबालाला चांगला आठवत होता. कारखान्याच्या हद्दीत एका ओढ्यापलीकडं सात शेतं होती. ओढ्याचं पाणी पौषापर्यंत ओसरत नाही, तोवर बैलगाड्या पलीकडं जात नाहीत. म्हणून त्या सातांची तोड पौषाआधी धरायची नाही, पण पौष लागला की त्यांच्या लागणीप्रमाणं त्यांना पाळी द्यायची, असं प्रोग्रामात होतं. तरी गेल्या साली ती सातही शेतं यादीत अगदी शेवटी गेली. सहा जणांनी ऊस गुऱ्हाळाला घातला आणि ते गप्प बसले. सातवे लालासाहेब, फौजेतले जुने सुभेदार. ते तुरा आलेला ऊस खांद्यावर घेऊन थेट कुपवाडला आले आणि कृष्णातच्या टेबलावर तो आडवा टाकून म्हणाले, हे तुझं गणित. नानासोंनीही मग कृष्णातला दोन दिवस धारेवर धरलं होतं.

"तुम्ही तपासलं होतंत ना तेव्हा?" तिनं विचारलं.

"कागद धा येळा तपासला. कागद बरूबर हुता."

"आणि कार्डं?"

"कार्डं कशाला बघायची? पंच तुमचं हुतं," तो म्हणाला आणि पुढचं कार्ड शोधू लागला.

चारशेच्या पुढं रेघांचा आधार संपला. इथली कार्डं गेल्या वर्षी रेघ ओढून झाल्यावर नव्यानं पाडलेली होती आणि कृष्णातला स्वतःचाच क्रम आठवेना. तो दोन कार्डं हातात धरून कितीतरी वेळ बसला. तेव्हा चंदनबालानं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि डोळे मिटले. बोटं आपोआप हलायला लागली. सतत एकच काम करणाऱ्या बोटांना मागचा शब्द सांगितला की पुढचा येतो, जसं जात्यावर बसलं की ओवी येते. "आता खोडव्याचं," ती म्हणाली. "मग लांब ओळ आहे, शेवटी दोन शून्यं. मग रंगू." कृष्णात कार्डं हुडकत गेला आणि प्रत्येक कार्ड तिच्या बोटांनी सांगितलेल्या जागी चपखल बसत गेलं.

चारशे बारापाशी मात्र अडलं.

"आता लागणीच्या तारखेचं कार्ड. त्याच्यामागं ओढ्याचं," ती म्हणाली.

"उलटं. आधी ओढा, मग तारीख."

"नाही. माझ्या बोटांत तारीख आधी आहे. पक्कं."

"बाई, लिवलंय मी."

"पाडलंय मी."

त्यानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. मग त्यानं तारखेचं कार्ड पुढं ठेवलं. "घाला चारशे बारा. माझ्या डोस्क्यापरास तुमच्या बोटांवर माझा भरवसा जास्ती हाय."

साडेसहाला पाचशे साठावं कार्ड लागलं. त्यांनी गठ्ठा सुतळीनं दोनदा बांधला. सात वाजता दहिवडीची गाडी लागली. कृष्णातनं खिडकीतून हात बाहेर काढून ट्रंकेकडं बोट दाखवलं. "टपावर देऊ नका. पायाशी ठेवा." एवढंच तो म्हणाला आणि गाडी हलली. नीट निरोप घ्यायचा राहिलाच. पाऊण तासानं तिची पुण्याची गाडी आली.

सकाळी साडेसातला ती मशीनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. पुण्याच्या मावशीनं दिलेला डबा तिनं उघडलासुद्धा नव्हता. चारशे बारा तिच्या मनातून जात नव्हतं. पिशवीत कृष्णातच्या हातचे कागद होते, शनिवारी त्यानं सोपवलेले. तिनं ते काढले आणि ते पान शोधलं.

पानावर तारखेची ओळ होती. ओढ्याची ओळ खाली समासात मागाहून लिहिलेली, आणि ती कुठं घालायची ते दाखवायला एक बाण. बाण वर जात होता, मध्ये चहाचा मोठा डाग होता. डागापर्यंत आलं की बाण तारखेच्या ओळीखाली संपतो असं वाटायचं. तिनं गेल्या वर्षी तसंच धरलं होतं. आता तिनं कागद खिडकीच्या उजेडाला धरला. बाण डागातून पुढं गेला होता आणि तारखेच्या ओळीच्या वर जाऊन टेकला होता.

तिनं पेन्सिल घेतली आणि लालासाहेबांच्या शेताचं गणित कागदाच्या मागं हातानं मांडलं. ओढा आधी असेल तर शेत पौषापर्यंत थांबतं आणि मग तारीख त्याला पाळी देते. तारीख आधी असेल तर मिळालेली पाळी पुढचं ओढ्याचं कार्ड काढून घेतं आणि शेत यादीच्या तळाला जातं. तिनं दोनदा मांडलं. दोन्ही वेळा तेच आलं.

म्हणजे त्याचं डोकं बरोबर होतं आणि तिची बोटंही बरोबर होती. त्यानं आधी ओढा लिहिला होता, तिनं आधी तारीख पाडली होती. लालासाहेबांचा ऊस तिच्यामुळं उभा राहिला होता. टेबलावर आडवा टाकलेला तो ऊस तिच्या नावचा होता, आणि ती त्या दिवशी चार हातांच्या अंतरावर बसून मान खाली घालून पंच करत राहिली होती.

आतून ऑपरेटरनं हाक मारली, "कुपवाडवाले कोण आहेत?"

खोडरबर नव्हतं. तिनं चारशे बारा आणि चारशे तेरा या दोन आकड्यांवर काट मारली, कार्डांची अदलाबदल केली, नवे आकडे घातले आणि गठ्ठा घेऊन आत गेली. विचारायला कुणी नव्हतं. आपल्याला त्याचीच भीती वाटत होती, हे त्या क्षणी तिला आठवलंही नाही.

मशीननं पाचशे साठ कार्डं मिनिटाभरात गिळली, मग शेतकऱ्यांची कार्डं गिळली आणि मग छपाई सुरू झाली. लांबच लांब कागद घड्या घालत खाली पडू लागला. चंदनबाला गुडघ्यावर बसून त्यात ओढ्यापलीकडची सात शेतं शोधत होती. सातही सापडली. लालासाहेबांचं नाव पौषाच्या पहिल्या आठवड्यात होतं. ऑपरेटरनं विचारलं, "बरोबर आलंय ना?" तिनं मान हलवली.

बुधवारी तिनं यादी नानासोंच्या टेबलावर ठेवली. नानासोंनी पानं चाळली, ओढ्यापलीकडची नावं तर मुद्दाम बघितली आणि समाधानानं मागं टेकले. तेव्हा ती म्हणाली, "गेल्या वर्षीची चूक कृष्णातभाऊंची नव्हती. कार्ड मी उलटं पाडलं होतं."

नानासोंनी चष्मा काढला. "हे मला आणखी कुणी सांगितलं असतं?"

"कुणीच नाही. कुणाला माहीतच नाही."

"मग तुम्ही तरी कशाला सांगताय? आजच?"

"त्यांच्या खुर्चीवर बसायचं तर ही चूक त्यांच्या नावावर ठेवून कशी बसू?"

नानासोंनी यादीची पानं पुन्हा सारखी केली. मग नानासो म्हणाले, "लालासाहेब ऐकून घेणारा माणूस नाही. त्याला कोण सांगणार?"

"मी जाते."

"जा. आणि आल्यावर ती खुर्ची भिंतीकडं सरकवून घ्या, तिचा एक पाय अधू आहे."

लालासाहेबांनी ऐकून घेतलं. शिव्या द्याव्यात म्हणून ते उभे राहिले होते, पण समोर ट्रंकेएवढी बाई बघून त्यांना त्या आठवेनात. "फौजेत चुकून आपल्याच माणसांवर गोळा पडला तर कोण कबूल व्हत न्हाई," ते शेवटी म्हणाले. "तुमी तंगडतोड करून सांगाया आला. बसा, रस आणतो." त्यांनी आणलेला रस तिनं संपवला, आणखी एक पेला संपवला, आणि परतीच्या वाटेवर ओढ्याच्या काठाशी थांबून पाणी किती आहे ते बघून घेतलं.

कृष्णातला मात्र तिनं पत्रानं कळवलं. सगळं लिहिलं, बाण, डाग, चारशे बारा. तीन आठवडे उत्तर आलं नाही. ती रोज पोस्टमनच्या वेळेला पंच मशीनचा आवाज बंद करायला सांगायची.

मग एक निळं अंतर्देशीय आलं. कृष्णात बोलायचा एक आणि लिहायचा जरा पुस्तकी.

"मगदूमबाई, तुमचं पत्र वाचून दोन दिवस राग आला. खोटं कशाला लिहू? त्या एका बोलण्यापायी मी कुपवाड सोडलं. तिसऱ्या दिवशी इथल्या एकानं माझा कागद परत आणून टाकला आणि विचारलं, ही ओळ नेमकी कुठं जाते? मला पण ते सांगता येईना. मग राग गेला. इथं सगळेच एकमेकांच्या लिहिण्याला नावं ठेवतात आणि मग एकत्र डबा खातात. हसले, पण मी धरलं होतं तितके नाही. आईला सांगितलंय, उन्हाळ्यात येतो. एक काम सांगतो. ती सात शेतं त्यांच्या त्यांच्या पाळीला लागलेली मी अजून एकदाही पाहिलेली नाहीत. प्रोग्राम माझा, पण बरोबर चाललेला फक्त तुम्ही पाहिलाय. जमलं तर ते पान पाठवा."

यादीची एक कार्बन प्रत केंद्रात ठेवलेली असे. चंदनबालानं ती काढली, पौषाचं पान रेघेवर पट्टी ठेवून फाडलं आणि ओढ्यापलीकडच्या सात नावांखाली पेन्सिलीनं बारीक खुणा केल्या. कागद फार रुंद होता. पाच घड्या घातल्यावर तो पाकिटात बसला.